पखालीचं तोंड

दिवसा मी दात रंगवतो.
दांडिया बाजारात, जिन्याखाली, दहा बाय बाराच्या लॅबमध्ये,
भट्टीतून निघालेला एकेक दात चिमट्यात धरून
नमुन्याशी जुळवत बसतो.
कुणाचा चहाने पिवळा, कुणाचा तंबाखूने,
कुणाचा नुसताच वयाने.
ज्या तोंडात तो जाणार
ते तोंड मी कधी पाहत नाही.
चिठ्ठीवर छटेचा नंबर असतो, बास.

रात्री त्याच कुंचल्याने माणसं रंगवतो.
बोटाच्या पेराएवढी.

केतनभाई अमीनांनी चाळीस स्वार सांगितलेत
अलकापुरीतल्या काचेच्या कपाटासाठी.
घोडे वेगवेगळे हवेत, पागोट्यांचा लाल
एकाचा दुसऱ्यासारखा नको.
एकोणचाळीस झाले.
मग खोक्याच्या तळाशी, भुशात,
हा सापडला. यादीत नसलेला.
वाकलेला, अनवाणी, पाठीवर पखाल.

भिस्ती.

आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला:
मला पखाल ठाऊक ती एवढीच, म्हणीतली.
खरी पाहिली नाही कधी.
चाळिसावा स्वार बाजूला सरकवला.

आधी काळा हात, अंगभर.
मग त्या काळ्यातून माणूस हळूहळू वर काढायचा,
विहिरीतून कळशी काढावी तसा, न हिंदकळता.
रंग इतका पातळ
की दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध.
मानेची शीर. गुडघ्याची वाटी.
लुंगीचा काठ ओला, म्हणून एक छटा गडद.
आणि पट्टा रुततो तिथे
खांद्याची कातडी जराशी फिकी.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
गॅसची टाकी तीन मजले चढवून आणणाऱ्या हमीदच्या
खांद्यावर पाहिलं होतं,
सुटे पैसे शोधता शोधता.

डोळे शेवटी.
त्यांना पांढरा लावायचा नाही,
लावला की माणूस दचकल्यासारखा दिसतो.
दातांनी शिकवलंय मला,
जिवंत असलेलं काहीच पांढरं नसतं.
हस्तिदंती घ्यायचा, त्यात कणभर गेरू,
आणि मग बुबुळ.
कुंचल्याचा एकच केस.
श्वास सोडून द्यायचा, नवा घ्यायचा नाही,
नाडीच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत
टेकवायचं आणि निघायचं.

पूर्वी त्या फटीत पाय पसरून बसता यायचं.
आता अठ्ठावन्न सरली.

डावा जमला.
उजवा हलला. पुसला. पुन्हा हलला.
न्यायमंदिराकडून वरात चालली होती,
बँडच्या ढोलाने टेबलावरची पाण्याची वाटी
गोल गोल शहारत होती.
ती जाईपर्यंत थांबलो. हात थांबला नाही.
तिसऱ्यांदा ठिपका लागला तो जरा वर,
आणि तो वर बघू लागला.
ओझ्याखालून, मान न उचलता,
कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखा.

पुसला नाही.

सकाळी जिग्नेश आला, झाडू तसाच हातात.
"काका, आ कोण?"
यादीत नाही, म्हटलं.
त्याने भिंग घेतलं, खूप वेळ पाहिलं.
"याला दात नाहीत?"
असतील. तोंड मिटलंय.
चिठ्ठी आली नाही अजून त्याची.

मग सगळ्यावर वॉर्निश, बिनचकाकीचं.
घाम, धूळ, कातडं, सगळं एका सुक्या उन्हात बसलं.
फक्त पखालीच्या तोंडाशी
टाचणीच्या टोकाने
चकाकीच्या वॉर्निशचा एक थेंब.

चाळिसावा स्वार अजून करडाच आहे.
केतनभाईंचा दोनदा फोन येऊन गेला.
थेंब वाळला त्यालाही आता पाच दिवस झाले,
जिग्नेशला हे माहीत आहे, त्यानेच पंखा लावला होता.
तरी खिडकीपाशी गेला की
करंगळी लावून बघतो,
आणि मग ती करंगळी
शर्टाला पुसतो.